काम घराबाहेर काढायचंय

मागच्या अंकात घरून काम करणाऱ्यांच्या खुर्च्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत खुर्चीपेक्षा जागेबद्दलच जास्त विचारणा आहे, म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्याच विषयावर. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं वगळली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला वनाजजवळ दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासू-सासरे. माझी टीम परदेशात असल्यामुळे दुपारी एक ते रात्री साडेनऊ माझी ड्यूटी असते. संध्याकाळी सहानंतर एकामागोमाग एक कॉल. तेवढा वेळ सासरे टीव्ही बंद करून बसतात. त्यांचे मित्र गप्पांना यायचे, तेही आताशा येत नाहीत. कर्वे रोडला को-वर्किंगमधली, म्हणजे अनेकांनी भाड्याने वापरायच्या सामायिक ऑफिसातली, एक सीट बघून आले. महिन्याला सहा हजार अधिक जीएसटी. नवरा म्हणतो, स्वतःचं घर असताना बाहेर बसायला पैसे कशाला मोजायचे? सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांनाही पटलेलं दिसत नाही. माझा हा हट्टच आहे का?

उत्तर : नाही, हट्ट नाही. सासरे टीव्ही बंद करून बसतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी एका कंपनीच्या जागांचं काम बघत होते. टेबलं, खुर्च्या, जनरेटर, भाडेकरार हेच माझं क्षेत्र. आधी माणसं घरी गेली, मग त्यांच्यामागे टेम्पोने मॉनिटर आणि खुर्च्या गेल्या, आणि पुढे अनेक कंपन्यांनी मजलेच्या मजले सोडून दिले. भाडं वाचलं, वीज वाचली, सफाई आणि चहापाणी वाचलं. ताळेबंदात ही बचत दिसली. पण माणूस आठ तास बसणार म्हटल्यावर जागा, वीज आणि शांतता कुणीतरी द्यावीच लागते. आता ती तुमचं घर देतंय. सासरे संध्याकाळच्या बातम्या सोडून देतात, मुलगी आईशी खुणांनी बोलते, त्या रूपाने तुमच्या कंपनीचं भाडं भरलं जातंय. नवऱ्याला हे असंच सांगा. घर फुकट पडतंय हा हिशेबच चुकीचा आहे.

तेव्हा पहिलं पत्र कंपनीला लिहा. 'सीटचा करार कंपनीने थेट केंद्राशी करावा आणि बिल कंपनीच्या नावाने निघावं' अशी मागणी करा. बिल कंपनीच्या नावाने असलं की तो सरळ कंपनीचा खर्च होतो. तुमच्या हातात भत्ता म्हणून दिला तर तो पगारात धरला जाऊन त्यावर कर बसू शकतो. स्वतःच्या खिशातून भरणार असाल, तर पगारदार माणसाला प्राप्तिकरात हे भाडं वजा करून मिळत नाही आणि १८ टक्के जीएसटीही परत मिळत नाही. म्हणजे तुमचे सहा हजार हे खरे ७,०८० आहेत. वर्षाला पंचाऐंशी हजारांच्या घरात. रक्कम लहान नाही, म्हणून रोजची सीट घेण्याआधी आठवड्यातून तीन दिवसांचा पास मिळतो का ते विचारा. ज्या दिवशी कॉल सर्वांत जास्त असतील ते तीन दिवस बाहेर, बाकीचे घरी.

तुम्ही सीट बघून आलात, पण किती वाजता? या जागा दाखवणारी मंडळी सकाळी अकराला बोलावतात. तेव्हा सगळं छान दिसतं. तुमचं काम संध्याकाळचं आहे, तेव्हा एका दिवसाचा पास काढून संध्याकाळी सहा ते साडेनऊ तिथे बसून बघा. बऱ्याच ठिकाणी सात-आठच्या सुमाराला एसी बंद होतो, रिसेप्शनवरची मुलगी घरी जाते आणि खाली वॉचमन तेवढा उरतो. फोन बूथ, म्हणजे कॉल घ्यायच्या छोट्या बंद खोल्या, किती आहेत ते मोजा. चाळीस सीटना दोन बूथ असतील आणि तुमच्यासारखे परदेशी टीमवाले दहा जण असतील, तर तुम्ही जिन्यात उभं राहून कॉल घ्याल. बाकी भिंतीवरची चित्रं आणि रंगीत बीनबॅग यांवर नजर जाऊ देऊ नका. बायकांचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, रात्री तिथे दिवा लागतो का, हे बघा. नळस्टॉप किंवा डेक्कनच्या आसपासची जागा मिळाली तर परत येताना मेट्रोने वनाजला उतरता येईल. गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र लेखी विचारून घ्या. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार संमती आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाने बघायची असते. को-वर्किंगवाला तुमचा मालक नाही. तुमचा कॉल लांबला आणि पावणेअकरा झाले, तर जबाबदारी तुमच्या कंपनीची राहते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदाही कामानिमित्त तुम्ही जिथे जाता तिथे लागू होतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस दुसऱ्या कंपनीचा असला तरी तुमच्या कंपनीला हात झटकता येत नाहीत. हे एचआरला आधीच ईमेलने कळवून ठेवा.

आता सासूबाई. तुम्ही घरी असता तेव्हा दोन कॉलच्या मधल्या दहा मिनिटांत कुकर लावता, मुलीचं दप्तर बघता, हो ना? तुम्ही बाहेर बसलात की ते सगळं त्यांच्यावर येणार. बहुधा त्या गप्प आहेत त्या यासाठी, आणि त्यांचं गप्प बसणं अगदी रास्त आहे. सीटचे पैसे भरण्याआधी संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावायची का आणि मुलीचा अभ्यास नवरा घेणार का, हे ठरवा. नाहीतर कंपनीचा भार सासऱ्यांच्या अंगावरून उचलून सासूबाईंच्या अंगावर टाकल्यासारखं होईल.

प्रश्न : मी चिपळूणचा. पुण्यातल्या कंपनीने घरून काम कायमचं केलं, तेव्हा गावी परत आलो. घरात पाव्हणेरावळे आणि लहान मुलं, लक्ष लागत नाही. बाजारपेठेत वडिलांचा तळमजल्यावरचा गाळा रिकामा आहे. घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोलीपण आहे. यांतलं कुठे ऑफिस करू? दोन मित्रही सोबत बसू म्हणतात.

उत्तर : दोन्हीकडे नको, असं तुम्हांला स्पष्टच सांगते.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ वेगळी सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. त्याआधी २००५चा पूर होताच. दुकानदाराला तळमजला लागतो, गिऱ्हाईक रस्त्यावरून आत यावं लागतं. तुमच्याकडे कोण येणार आहे? तुमचे कॉम्प्युटर, यूपीएस, राउटर हे सगळं जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतं. गाळा दुकानाला भाड्याने द्या, आणि त्या भाड्यात त्याच भागात पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर स्लॅबची खोली बघा. वरच्या मजल्यांचं भाडं तळमजल्यापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे गाठीशी चार पैसे उरतीलही.

पत्र्याची खोली एप्रिल-मेमध्ये दुपारी तापते, त्यावर एसीचा खर्च करून मार्ग निघेल. पण जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की समोरच्या माणसाला तुमचा एक शब्द कळणार नाही. हेडफोनचा माइक कितीही महागाचा घ्या. वर्षाचे चार महिने कॉल घेता येत नाहीत अशी खोली ऑफिसच्या उपयोगाची नाही.

नवीन खोली घेताना भाड्याच्या आधी विजेचं बघा. मीटर व्यापारी दराचा आहे की घरगुती, वायरिंग किती जुनं, अर्थिंग खरोखर केलेलं आहे की नुसती पिन आहे. हे तपासायला गावातल्या इलेक्ट्रिशियनला सोबत न्या. मे महिन्यातले वळीव आणि परतीचा पाऊस यांतला कडकडाट तुमच्या उपकरणांना पावसाळ्यापेक्षा जास्त भारी पडतो. ढग दाटले की ब्रॉडबँडची तार राउटरमधून काढून ठेवायची सवय लावा. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही, तार तांब्याची असेल तर तिच्यातूनही झटका येतो. इंटरनेट दोन हवेत, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. एक फायबर आणि दुसरं मोबाइलच्या सिमवर चालणारं राउटर. दोन्ही फायबर घेतलीत आणि दोघांच्या तारा एकाच खांबावरून आल्या, तर फांदी पडली की दोन्ही जातात. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर मात्र बंद पडतो, हे नेहमीचं.

मित्र येत असतील तर फार चांगलं, नक्की घ्या. गावात परतलेल्या माणसाला कामाबद्दल बोलायला कुणी नसतं, आणि ती उणीव सहा महिन्यांनी जाणवायला लागते. फक्त भाडं, लाइटबिल, इंटरनेट, झाडलोट आणि किल्ली कुणाकडे, एवढं एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. मैत्री तुटते ती अशा बारीकसारीक गोष्टींवरून. करार तिघांच्या नावाने करता आला तर तसाच करा, म्हणजे एकट्यावर बोजा नको.

प्रश्न : मुलगा लातूरहून पुण्याला एमपीएससीसाठी गेला. चार वर्षांनी परीक्षा सोडून त्याने ऑनलाइन नोकरी धरली. अजून सदाशिव पेठेतल्या त्याच अभ्यासिकेत बसून काम करतो. आता मालक नको म्हणतात. महिन्याचे पैसे वेळेवर भरतो, मग मालकांना अडचण काय?

उत्तर : मालकांचं बरोबर आहे. अभ्यासिकेत पुठ्ठ्याएवढ्या पार्टिशनच्या पलीकडे बसलेला मुलगा आयुष्याची चार-पाच वर्षं पणाला लावून बसलेला असतो. त्याला शेजारची कीबोर्डची टकटकसुद्धा सहन होत नाही, तुमच्या चिरंजीवांना ते चांगलं ठाऊक असणार. शिवाय ते रोज त्याच मुलांमध्ये बसून आपण परीक्षा सोडली हे रोज आठवत असतील, ते वेगळंच. नोकरी मिळवली हे त्यांनी चांगलं केलं, त्यांना तसं मोकळेपणाने सांगा. काम फक्त लिहिण्याचं असेल तर कॉट बेसिसवरची (फक्त एका खाटेचं भाडं भरून मिळणारी) खोली बदलून, टेबल मावेल अशी खोली दोघांत घेणं को-वर्किंगपेक्षा स्वस्त पडेल. कॉल असतील त्या दिवशी एका दिवसाचा पास काढावा.

प्रश्न : मी नाशिकला समुपदेशक आहे. निम्म्या भेटी ऑनलाइन, निम्म्या प्रत्यक्ष. आजवर घरीच बोलावत होते, पण येणाऱ्यांना सोसायटीच्या जिन्यात ओळखीचे भेटतात आणि ते अवघडतात. गंगापूर रोडला को-वर्किंगमध्ये काचेची केबिन मिळतेय. कॉलेज रोडला एक लहान ऑफिस भाड्यानेही आहे, १५ हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट. मालक म्हणतात, रजिस्टर कशाला, नोटरी करून घेऊ. काय करू?

उत्तर : तुमच्या कामाला को-वर्किंगची केबिन चालणार नाही, आणि त्याचं कारण भाडं नाही.

केबिनमध्ये स्वतः बसा आणि शेजारच्या केबिनमध्ये कुणाला तरी रोजच्या आवाजात बोलायला लावा. बहुतेक ठिकाणी शब्द न् शब्द ऐकू येईल. पार्टिशन जिप्समचं किंवा काचेचं असतं आणि ते वरच्या फॉल्स सीलिंगपाशी थांबतं. खऱ्या स्लॅबपर्यंत जात नाही. त्या मधल्या पोकळीतून आवाज एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये जातो. एक टाइल उचलून वर टॉर्च मारला की दिसतं. काचेला फिल्म लावून दिसण्याचा प्रश्न सुटेल, ऐकू येण्याचा सुटणार नाही.

दुसरं, रिसेप्शनवरचं रजिस्टर. येणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, कुणाला भेटायचं, काही ठिकाणी फोटोसुद्धा. तुमच्याकडे रडून मोकळं व्हायला येणाऱ्या बाईचं नाव, तुमच्या नावापुढे, तिऱ्हाईताच्या वहीत. जिन्यातल्या ओळखीच्या माणसापेक्षा हे वाईट. त्यांची ती सुरक्षेची व्यवस्था आहे आणि त्यांच्या जागी ती योग्यच आहे, पण तुमच्या कामाशी तिचा मेळ बसत नाही.

कॉलेज रोडचं ऑफिस घ्यायचं झालं तर नोटरीवर अजिबात राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. तीन वर्षांचा करार धरा. भाड्याचे ५,४०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १८,०००, एकूण ५,५८,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे १,४०० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटची फी वेगळी. घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्या पैशात डिपॉझिटचे ६० हजार परत मागताना हातात पक्का कागद असतो.

करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी करार मोडता येणार नाही ही अट, दोघांनाही आहे की फक्त तुम्हांला, ते वाचा. दरवर्षी किती टक्के वाढ, मेंटेनन्स कुणी भरायचा, मीटर स्वतंत्र आहे की मालक युनिटमागे स्वतःचा दर लावणार, हेही बघा. मजल्यावरच्या सामायिक स्वच्छतागृहाची किल्ली तुमच्याकडे येणाऱ्यांना सहज मिळेल का? तासभर मनातलं बोलून उठलेल्या माणसाला आधी चेहऱ्यावर पाणी मारायचं असतं.

करार करण्याआधी एक तिसरी वाट बघाच. नाशिकमधले बरेच डॉक्टर दुपारी दवाखाना बंद ठेवतात. एक ते पाच ती खोली रिकामी असते. लाकडी दार, विटांच्या भिंती, बाहेर बाकडं, पाण्याची सोय. आणि दवाखान्यात कुणी शिरलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, सर्दी-तापालाही माणूस जातो. तुमच्या प्रत्यक्ष भेटी आठवड्यातल्या तीन दुपारी बसत असतील, तर पूर्ण ऑफिसपेक्षा कितीतरी कमी पैशात काम होईल. ऑनलाइन भेटी घरून चालू ठेवा. डॉक्टर स्वतःच भाडेकरू असतील तर मूळ मालकाची लेखी परवानगी आणायला सांगा. बहुतेक करारांत जागा दुसऱ्याला वापरायला द्यायला मनाई असते, आणि एखाद्या दुपारी कुलूप बदललेलं दिसलं तर तुमच्याकडे येणारा माणूस दारात ताटकळेल. तुमचं कपाट कुलपाचं असू द्या, नोंदवह्या तिथे ठेवू नका.

प्रश्न : ठाण्यात एकटी राहते. गोधड्या आणि कापडी पिशव्या शिवून एका वेबसाइटवरून विकते. राज्याबाहेर माल जाऊ लागल्यामुळे जीएसटी नोंदणी हवी म्हणाले. घरचा पत्ता द्यायला नको वाटतं. हजार रुपये महिन्याने व्हर्च्युअल ऑफिस (बसायला जागा नाही, नुसता वापरायला पत्ता) मिळतंय, घेऊ का?

उत्तर : नोंदणीला घरचा पत्ता चालतो. स्वतःच्या नावाचं लाइटबिल किंवा मालमत्ता कराची पावती पुरते. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडायचं. तरीही तुमची शंका रास्त आहे. नंबर टाकला की जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही व्यवसायाचा मुख्य पत्ता दिसतो, आणि एकट्या राहणाऱ्या बाईने त्याचा विचार करायलाच हवा.

पण व्हर्च्युअल ऑफिस घेऊन तुमचं काम भागणार नाही. माल घरी साठवत असाल तर ते घर व्यवसायाची जादा जागा म्हणून नोंदणीत दाखवावं लागतं. हिशेबाची कागदपत्रं मुख्य पत्त्यावर ठेवायची असतात, आणि अधिकारी तिथे पाहणीला येऊ शकतात. तिथे तुमच्या नावाची पाटीही नाही आणि एक गोधडीही नाही असं दिसलं, तर नोंदणी अडकते.

त्यापेक्षा तुमच्या स्टेशनच्या बाजूला शिवणकाम किंवा पॅकिंग करणाऱ्या एखाद्या बाईबरोबर मिळून पोटमाळ्याचा लहान गाळा बघा. करार नोंदवून घ्या, मालकाचं संमतिपत्र आणि ताजं लाइटबिल मागून घ्या, दारावर दोघींच्या नावाची पाटी लावा. कापडाचे तागे आणि तयार माल तिथे हलवा, कुरिअरचा मुलगाही तिथेच येऊ दे. पार्सलच्या लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता छापला जातो. गाळा झाला की वेबसाइटवरचा तुमचा पिकअपचा पत्ता त्याच दिवशी बदला, नाहीतर नोंदणीत गाळा आणि लेबलवर घर असं होऊन बसेल.